उशिराची गोळी

धान कापणीला आलं की आमच्या गावामागच्या टेकडीकडून गोळ्यांचा आवाज येऊ लागतो. नवा माणूस दचकतो. पाहुणा असेल तर विचारतो, "काय झालं?" काही झालेलं नसतं. पोलिसात नव्याने लागलेल्या पोरापोरींचा सराव असतो. त्या जागेला चांदमारी म्हणतात. पावसाळ्यात तिथे गुडघाभर चिखल, उन्हाळ्यात सुकं गवत एका ठिणगीनं पेटतं, म्हणून हे काम थंडीतलंच. इकडे धानाच्या बांधीत विळे चालतात, तिकडे टेकडीखाली रायफली.

यंदाही सुरू झालं. धुवारी, म्हणजे सकाळचं धुकं, जरा उठली की पहिली शिट्टी येते, मग गोळ्या. मी अंगणात खाटेवर बसलेला असतो. चहा समोर निवून जातो. निवला तर निवला. गरम आणि थंड यातला फरक मला हल्ली फारसा कळत नाही.

मी त्या चांदमारीवर नोकरी केली. पोलीस नव्हतो. सातवीत नापास झालेल्याच्या हातात कोण रायफल देतो? मी खड्ड्यातला माणूस. टार्गेटच्या खाली एक खोल, सिमेंटचा खड्डा असतो, लांबच लांब. आम्ही चारपाच जण त्यात बसायचो. डोक्यावर लाकडी चौकटी, चौकटीवर कागदाची टार्गेटं. शिट्टी वाजली की चौकट वर ढकलायची, शिट्टी वाजली की खाली ओढायची. खाली आली की भोकं मोजायची आणि त्यावर कागदाचे तुकडे चिकटवायचे. पुन्हा वर. बंदुकीमागचा माणूस गोळी जाताना ऐकतो. मी सगळी नोकरी गोळी येतानाच ऐकली. सुका बांबू डोक्यावर उभा चिरावा, तसा आवाज असतो. पहिल्या वर्षी मान आत जाते. मग जात नाही.

चिकटवायला सरकारी डिंक असे, पण थंडीत त्याचा दगड व्हायचा. म्हणून खळ घरूनच न्यायचो. ती गिरजा करायची, माझी बायको. तांदळाची कणी दळून, पाण्यात कालवून चुलीवर ठेवायची आणि लाकडी चाटूनं ढवळत बसायची. चिमूटभर मोरचूद टाकायची, उंदरानं कागद खाऊ नये म्हणून. खळ दाट झाली की बोट बुडवून बघायची आणि ते बोट माझ्या गालाला पुसायची. "घ्या, तुमचे गोळी लागलेले माणसं बरे करा." रोज तेच बोलायची. मी रोज गाल पुसायचो.

कारण पोलिसांचं टार्गेट माणसाचं असतं. डोकं, खांदे, छाती. तोंड नसतं, पण माणूसच. फाटलं की ते टार्गेट मोडीत निघे. आम्ही घरी आणायचो. आमच्या घराला तेव्हा कुडाच्या भिंती होत्या आणि थंडीचं वारं फटीतून आत यायचं. गिरजानं त्या कागदांनी आतून भिंती लिंपल्या. पण माणूस भिंतीकडे आणि कोरी बाजू घराकडे. मी म्हटलं, "उलटं काऊन लावून राह्यली? ती बाजू गुळगुळीत हाय."

"घरात अनोळखी माणूस उभा नाई पायजे मले," ती म्हणाली. "जेवाच्या वेळी तर बिलकुल नाई."

आणखी एक गोष्ट तिची. टार्गेट वर गेलं की रांगेतले सगळे जण गोळी सोडतात. चारपाच सेकंदाचा खेळ. सगळ्या गोळ्या जवळजवळ एकदमच येतात, पोत्यातून धान ओतावं तशा. पण कधी कधी त्या संपल्या की मागून एक येते. एकटी. तोवर टार्गेट खाली ओढलेलं असतं, ती गोळी नुसती मागच्या मातीच्या ढिगात घुसते. आम्ही खड्ड्यातले लोक तिला शिव्या घालायचो, कारण सगळं संपलं असं समजून कोणीतरी हात वर केलेला असायचा. गिरजा घरी अंगणात सूप पाखडत तीच गोळी ऐकायची आणि म्हणायची, "थांबला कोणीतरी."

मी सुट्टीच्या दिवशी घरी असलो तर चिडायचो. "थांबला नाई, झोपला."

"तुमाले काय माहीत त्याच्या मनात काय आलं असन?"

"मनात काई यावं म्हणून नाई नेत त्याले तिथी."

यावर ती सूप जरा जोरात आपटायची.

आमची पोरगी प्रज्ञा. लग्नानंतर फार वर्षांनी झालेली, एकच. ती शाळेत असताना खेळातल्या नेमबाजीत शिरली. शाळेच्या मॅडमनं तिचा हात बघितला, म्हणे हलत नाही. मग चंद्रपूरला एका हॉलमध्ये जाऊ लागली. तिथली बंदूक हवेची, आत छर्रे. एकदा स्पर्धा होती तर आम्ही दोघं बघायला गेलो. गिरजानं डब्यात लाखोळीची डाळ आणि भात नेला होता.

माझा सगळा जन्म गोळ्यांखाली गेला, पण असं मी बघितलं नव्हतं. हॉलमध्ये पंखासुद्धा बंद. लोक कुजबुजत बोलत होते. पोरं जाड कोट घालून उभी, रेड्याच्या कातड्यासारखा ताठ कोट. समोर तळहाताएवढा कागद, त्यावर काळं वर्तुळ, वर्तुळाच्या मधोमध मोहरीहून बारीक ठिपका. माणूस कुठेच नाही. प्रज्ञानं बंदूक उचलली, गाल टेकवला. आम्ही वाट बघितली. मग तिनं बंदूक खाली ठेवली. छर्रा सोडलाच नाही. पुन्हा उचलली. पुन्हा ठेवली.

गिरजा माझ्या कानात म्हणाली, "मारून काऊन नाई राह्यली? बिघडली का बंदूक?"

"नेम धरून राह्यली."

"आणि आपल्या चांदमारीवर काय करतात मग?"

बाजूला तिचे शिकवणारे सर उभे होते. ते हसले. म्हणाले, "बाई, मनासारखं नसलं की खाली ठेवायचं. हेच तर शिकवतो आम्ही. मारणं सोपं आहे."

मी म्हटलं, "आमच्या इथी खाली ठेवली तर शिकवणारा उस्ताद पाठीत घालीन."

दुपारी बाहेर झाडाखाली डबा खाताना प्रज्ञानं आईला सांगितलं, श्वास कसा घ्यायचा ते. पूर्ण घ्यायचा, अर्धा सोडायचा आणि अर्ध्यावर थांबायचं. त्या थांबलेल्या जागेत सगळं गप्प होतं, छातीसुद्धा. तिथेच छर्रा सोडायचा. गिरजानं घास हातात धरून करून बघितलं. अर्ध्यावर थांबली आणि तिला ठसका लागला. खूप हसलो आम्ही. त्या दिवशी पोरीला काय मिळालं ते मला आठवत नाही. ठसका आठवतो.

पुढे प्रज्ञा पोलिसात लागली. खेळावर पोट भरत नाही, हे तिला आम्ही सांगितलं नाही, तिलाच कळलं. गिरजाला खाकी आवडली का, मला माहीत नाही. भरतीचा निकाल आला तेव्हा तिनं गोड केलं, आणि एवढंच म्हणाली, "आता माणसाच्या कागदावर मारा लागन तुले."

"कागदच हाय ना आई."

"हो. कागदच हाय."

मागच्या वर्षी प्रज्ञाचं प्रशिक्षण चालू असताना गिरजाच्या छातीत पाणी झालं. दवाखाने केले. मग तिनंच सांगितलं, घरी न्या. अश्विनातली सकाळ होती, धान निसवलं होतं, दारातून त्याचा वास येत होता. मी तिच्या बाजूला बसून होतो. ती श्वास घेत होती आणि अर्धा सोडून थांबत होती. मग उरलेला सोडायची. पुन्हा घ्यायची. मी तेवढंच बघत होतो, दुसरं काही करायला नव्हतं. एकदा ती अर्ध्यावर थांबली. मी वाट बघितली. बाहेर कोणाचे बैल चालले होते, त्यांच्या घंट्या पार लांब गेल्या, तरी मी वाट बघत होतो.

लोक आले, त्रिसरण पंचशील झालं, पुढे जलदानाचा विधी झाला. प्रज्ञा तेवढ्यापुरती आली आणि परत गेली. लोक मला म्हणाले, रडा. मला रडायला आलं नाही. कढी वाढली, मी खाल्ली. मीठ नव्हतं असं नंतर कोणीतरी म्हणालं.

आणि मग धान पिवळं झालं आणि चांदमारी सुरू झाली. माझ्या मनात जी थंडी बसली आहे ती ही, मागच्या वर्षीची. प्रज्ञाच्या तुकडीचा सराव आमच्याच टेकडीखाली होता. पोरगी घरापासून हाकेच्या अंतरावर आणि भेटायची बंदी. मी खाटेवर बसून ऐकायचो. टार्गेट वर गेल्याची शिट्टी. गोळ्यांची सर. मग एक गोळी, एकटी, मागून.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, असेल कोणीतरी. दुसऱ्या दिवशीही तीच. खड्ड्यात माझ्या जागी आता नामदेव आहे, माझ्याच हाताखालचा. संध्याकाळी तो सायकल घेऊन आला, अंगणात टेकला.

"भाऊ, उशिरावाली तुमचीच हाय."

"माहीत हाय मले."

"टार्गेट खाली आल्यावर मारते. ज्या वेळेवर लागतात त्या मात्र एकाच भोकात, भाऊ. तुकडा लावाले एकच पुरते. मी कधी नाई पाह्यलं असं. पण दहातल्या चार मातीत. उस्तादनं सगळ्यांसमोर घेतली तिले. 'ए लडकी, दुश्मन तेरे लिए चाय पीते बैठेगा क्या?'"



परीक्षेत ती नापास झाली. अजून एक संधी होती. त्यातही नाही झालं तर मागून येणाऱ्या तुकडीत, आणि तिथेही नाही जमलं तर घरी. घरी म्हणजे इथे. या खाटेच्या बाजूला दुसरी खाट.

दुसऱ्या परीक्षेआधी एका दुपारी उस्तादनंच निरोप पाठवला. जुना माणूस म्हणून मला ओळखत होता. म्हणाला, भाऊ, पोरीला जरा भेटून जा, बाहेर पाण्याच्या टाकीजवळ. मी गेलो. सराव संपला होता आणि सगळी पोरं-पोरी वाकून गवतात काही शोधत होती. गोळी उडाली की पितळेची रिकामी पुंगळी बाजूला पडते, ती परत द्यावी लागते. एकही कमी चालत नाही. एक जरी हरवली तरी सगळी तुकडी थांबते, मग पोलीस असो की उस्ताद, सगळे वाकतात. बाजूच्या बांधीत धान कापून झालं होतं, तिथे बाया सरवा, म्हणजे पडलेल्या लोंब्या, वेचत होत्या, त्याही वाकलेल्या. त्यातली एक ओरडली, "सापडला का हो तुमचा सरवा?" पोरं हसली. प्रज्ञा हसली नाही. ती वाकलेलीच होती. पाठीमागून मला ती गिरजा वाटली. मी टाकीची तोटी उघडली आणि उगाच हात धुतले.

पुंगळी सापडली तेव्हा ती आली. मी विचारलं, "जेवली का?"

"जेवली."

"हाताले काय झालं?"

"काई नाई. घासलं." मग जमिनीकडे बघत म्हणाली, "बाबा, मले येते. सगळं येते. पण श्वास अर्ध्यावर थांबवला का आई दिसते. तुमी सांगितलं होतं ना, कशी गेली ते. मग बोट दाबतच नाई. शिट्टी झाल्यावर दबते."

 मी खड्ड्यातला माणूस, एक गोळी सोडली नाही जन्मात. मी म्हटलं, "थंडी हाय. कानाले बांधत जा."

"हो," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी नामदेव पुन्हा आला. इकडचं तिकडचं बोलला. मंडईच्या जत्रेत नाटक कोणतं येणार, कोणाचा कापलेल्या धानाचा पुंजणा पेटला. मग हळूच म्हणाला, "भाऊ, परीक्षेच्या दिवशी तिच्या लाइनची चौकट माझ्याच हाताखाली हाय. शिट्टी झाली तरी मी जरा धरून ठेवतो. कोणाले काय समजते? दोरी अडकली म्हणीन. इतकी वर्षं तुमचं खाल्लं मी, भाऊ."

त्यानं खरंच मनापासून म्हटलं होतं. चौकट कशी धरून ठेवायची ते मीच त्याला शिकवलं होतं, वाऱ्यात हलू नये म्हणून. एवढंसं काम. पोरगी पास. मी चुलीकडे बघितलं. चुलीवर काही नव्हतं.

"नको," मी म्हटलं.

"काऊन, भाऊ?"

"उद्या तिले जंगलात पाठवतील. तिथी तू चौकट धराले जाशीन का?"

तो जायला उठला. मग म्हणाला, "तुमी लय कडक हा, भाऊ."

मी कडक नव्हतो. मला काही वाटतच नव्हतं, म्हणून बोलता आलं.

परीक्षेच्या दिवशी मी अंगणात बसलो. धुवारी त्या दिवशी उशिरापर्यंत होती. शिट्टी झाली. गोळ्यांची सर आली. संपली. मी कान दिला. मागून काही आलं नाही.

पुन्हा शिट्टी. पुन्हा सर. मागून काही नाही.

 याचे दोनच अर्थ होते. एक तर तिनं सगळ्यांसोबत मारली, नाही तर मारलीच नाही. त्या हॉलमधल्यासारखी रायफल खाली ठेवून दिली. इथून ऐकणाऱ्याला दोन्ही सारखंच. शिट्ट्या होत राहिल्या, सरी येत राहिल्या, आणि दर वेळी शेवटी फक्त टेकडी. सूप वाजलं नाही, कोणी काही म्हटलं नाही. घर इतकं रिकामं आहे हे मला त्या दिवशी कळलं, आधी नाही.

दुपार उलटल्यावर नामदेव आला. सायकल स्टँडवर न लावता तशीच आडवी टाकली. "पास! पोट्टी पास झाली, भाऊ. एक नाई उशिरा. आणि मी धरली नाई चौकट, आईची शपथ, शिट्टीबरोबर ओढली." त्यानं कॅरिअरला गुंडाळून बांधलेला कागद सोडला. "हे मोडीत निघालं. म्हटलं, तुमाले दाखवा."

तिचं टार्गेट होतं. मी खाटेवर पसरलं. भोकं सगळी माणसाच्या आत होती, पण कुठेही. खांद्याला, पोटाला, गळ्याला, छातीला. चाळणी. हॉलमधल्या सरांनी बघितलं असतं तर मान फिरवली असती. उस्ताद मात्र, नामदेव म्हणाला, फार खूश होता.

महिन्यानं प्रज्ञा रजेवर आली तेव्हा मी तो कागद दाखवला. तिनं बघितला, लगेच गुंडाळून ठेवला. म्हणाली, "श्वास थांबवलाच नाई, बाबा. घेत घेत मारल्या."

"आई नाई दिसली मग?"

"नाई दिसली."

पुढे ती चंद्रपूरला जाऊन आली, त्या हॉलमध्ये. संध्याकाळी परत आली तर जेवली नाही. मी विचारलं. म्हणाली, "आता थांबणंच होत नाई. बंदूक उचलली का हात दाबून मोकळा होते. सरनं नुसतं पाणी देल्लं." मग ताट बाजूला सारून म्हणाली, "दोन्ही नाई राहात बाबा, एका हातात."

आता ती हेमलकशाच्याही पुढे आहे, जंगलातल्या ठाण्यात. फोन लागला तर रविवारी लागतो. मी विचारतो, जेवली का. ती विचारते, तुमी जेवले का. दोघंही हो म्हणतो. मला एकच विचारायचं असतं, आणि ते विचारता येत नाही. पोरगी जलद राहिली तरच जिवंत राहील, हे मला समजतं. आणि जलद राहिली तर एक दिवस कोणावर तरी चालवून बसेल, जो नुसता वाटेत आला, हेही समजतं. तिच्या आईला विचारलं असतं. ती आता नाही.

मागच्या रविवारी फोन आला तेव्हा इकडे सराव चालू होता. प्रज्ञा म्हणाली, "गोळ्या ऐकू येऊन राह्यल्या बाबा. नवी तुकडी का?"

"हो."

"आमच्या इथी परवा मज्जा झाली." मज्जा हा शब्द मी तिच्या तोंडून वर्षभरात ऐकला नव्हता. "पायी चाललो होतो जंगलात. बांबूत खसखस झाली. सगळ्यांनी रायफली उचलल्या. माझीच पुढं होती. उस्तादचा आवाजच आला कानात. पण, बाबा, श्वास अर्ध्यावर थांबला. आपोआप. मी नाई थांबवला."

मी फोन कानाला दाबला.

"मग लाकडी घंटी वाजली. गाय होती."

"कोणाची?"

"आता मले काय माहीत कोणाची!" आणि ती हसली. ठसका लागेपर्यंत हसली. "गायच होती बाबा. नुसती पाहून राह्यली आमच्याकडं."

"आई दिसली का?" मी विचारलं.

 "हो," म्हणाली. "दिसली." मग फोन कटला. तिकडे असाच कटतो.

मी खाटेवर बसून राहिलो. टेकडीखाली शिट्टी झाली. गोळ्यांची सर आली, पोत्यातून धान ओतावं तशी, आणि संपली. मी उठणार होतो, चहा ठेवायला. तेवढ्यात मागून एक आली. एकटी. नामदेव खड्ड्यात शिव्या घालत असेल. कोणाची पोरगी, कोणाचा पोरगा, मला माहीत नाही.

अंगणात कोणी नव्हतं. गिरजाचं सूप भिंतीला टांगलेलं होतं.

"थांबला कोणीतरी," मी म्हटलं.